मी बंद झालेलो नाही

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. मी जाड आहे, जड आहे, चालू व्हायला वेळ घेतो आणि चालू झाल्यावर पंख्याची घरघर करतो. माझ्या झाकणावर ओरखडे आहेत. ‘क’ या अक्षराच्या जागी कोटाचं बटण चिकटवलेलं आहे. लोकांनी मला भंगार म्हटलं, डबडं म्हटलं, एकाने तर वीट म्हटलं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. आता थोडं माझं ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझी बटणांची पाटी बसवली, दुसरीने पडदा, तिसरीने एकेक अक्षर दाबून पाहिलं. ज्यांनी मला आखलं, त्यांनी एक गोष्ट मनाशी धरली असावी, की हा कधी ना कधी बिघडणार. म्हणून त्यांनी माझ्या पोटाला साधे स्क्रू लावले. बॅटरी अशी बसवली की कडी सरकवली की हातात यावी. माझ्या दोन्ही कुशींना इतक्या खाचा ठेवल्या की दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, “काहीही आणा, कुठेतरी लागेलच.” माझी बटणं उंच होती. दाबली की बोटाला कळायचं, काहीतरी दाबलं गेलं.

मला विकत घेतलं एका पोहणं शिकवणाऱ्या बाईंनी. सगळे त्यांना कोचबाई म्हणत. त्या आपल्या थोरल्या भावाकडे राहायच्या. भावाला त्या दादा म्हणत आणि भावजयीला वहिनी. दादा विमा कचेरीत नोकरीला होते. वहिनी घरीच पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या, आणि त्यांच्या मशीनची खडखड दिवसभर चाललेली असायची.

सुरुवातीला माझं काम अगदी साधं होतं. कोणतं मूल किती वेळात तलाव पार करतं, ते कोचबाई माझ्यात टिपून ठेवत. बोलण्याचं काम त्यांचं त्या करायच्या, आणि काय आवाज होता, मित्रांनो. त्यांनी शिट्टी कधी वापरली नाही. तलावाच्या या टोकाला उभं राहून त्या म्हणायच्या, “अरे गाढवा, गुडघे कशाला वाकवतोस?” आणि त्या टोकाचे सगळेच गुडघे सरळ व्हायचे. गाढव नेमकं कोण, हे कुणीच विचारायचं नाही.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली आणि जीव वाचला, पण त्यात आवाजाची नस दुखावली ती कायमची. कोचबाई घरी आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून शब्दांऐवजी नुसती हवा यायची. जवळ कान नेला तरच थोडं काही कळायचं. डॉक्टरांनी खोल पाण्यात जायला मनाई केली. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायला हरकत नाही म्हणाले.

कोचबाई बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. वहिनी जेवणाचं ताट ठेवून जायच्या आणि तसंच उचलून न्यायच्या. दादा उगाचच मोठ्या आवाजात बोलायचे. आवाज बहिणीचा गेला होता, पण वाढला होता त्यांचा.

दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक दिवस घरी येऊन माझ्यात एक नवी सोय बसवली. माझ्यावर अक्षरं टाइप करायची, एक बटण दाबायचं, आणि मी ती मोठ्याने वाचून दाखवायची. माझा आवाज बाईचा होता, पण सपाट. त्यात राग नाही, लाड नाही. स्टेशनवर गाडीची घोषणा व्हावी तसा.

कोचबाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग एका बोटाने टाइप केलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

“वहिनी, आमटीत मीठ कमी होतं.”

वहिनी दारातच थांबल्या. मग पदराला डोळे पुसत म्हणाल्या, “चार दिवस ताट हलवलं नाहीत वन्सं, आणि चव बरी कळली.”

त्या दिवसापासून मी कोचबाईंचा आवाज झालो. तलावाच्या काठावर एका उंच स्टुलावर मला ठेवायचे. कुशीतल्या खाचेत एक मोठा भोंगा जोडायचे. पोरं आधी खूप हसली. ‘गाढवा’ हा शब्द मी इतका सभ्यपणे उच्चारायचो की त्यांना तो पुन्हापुन्हा ऐकावासा वाटे. पण मला हसता हसता ती पाय सरळ ठेवायला लागली. कोचबाई पाण्यात उतरत, हाताने पोरांची मान धरत, पाय धरत. बाहेर येऊन ओल्या बोटांनी मला बडवत. पाणी माझ्या बटणांवर ठिबकायचं, त्या गळ्यातल्या टॉवेलने पुसायच्या. मी काही मेणाचा नव्हतो.

मी कधी चुकलोच नाही, असं मी म्हणणार नाही. एकदा माझं ‘क’ निखळून तलावात पडलं. कोचबाईंना ते कळलं नाही. त्यांनी एका लाजऱ्या मुलीसाठी ‘कमर वर कर’ असं टाइप केलं आणि मी संथपणे म्हणालो, “मर वर र.” मुलीची आई काठावरच्या बाकावरून ताडकन उठली. संध्याकाळी वहिनींनी आपल्या डब्यातून एक कोटाचं बटण शोधलं आणि ‘क’च्या जागी चिकटवलं. “आता हे उखडून दाखव,” असं त्या मला म्हणाल्या. ते आजवर उखडलेलं नाही.

पुढे माझी बॅटरी थकली. वायर लावल्याशिवाय मी चालेना, आणि पाण्याकाठी वायर ओढणं धोक्याचं. तलावावरच्या जीवरक्षकाने हात जोडून सांगितलं, “कोचबाई, वायर नको. एखाद्याला झटका बसला म्हणजे?” त्याचं बरोबर होतं. म्हणून कोचबाई मला घेऊन कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेल्या. दादाही बरोबर होते.

तिथे सगळं पांढरं आणि चकचकीत होतं. काउंटरवरच्या तरुणाने मला उलटं केलं, सुलटं केलं, कोटाचं बटण पाहून गालात हसला.

“मॅडम, हे मॉडेल कधीच बंद झालं,” तो म्हणाला. “याची बॅटरी येत नाही. हे आता चालत नाही.”

कोचबाईंनी माझी वायर भिंतीला लावली. मी चालू होईपर्यंत तो तरुण घड्याळ बघत होता. मग त्यांनी टाइप केलं आणि मी विचारलं, “मग तुमच्याशी कोण बोलतंय?”

रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. तरुण गोंधळला. “नाही, म्हणजे चालतं. पण कंपनीच्या दृष्टीने ते संपलंय.”

“कंपनीने माझ्याबद्दलही काही ठरवलंय का?” मी म्हणालो. म्हणजे कोचबाई म्हणाल्या. त्या क्षणी आमच्यात फारसा फरक उरला नव्हता.

तरुण भला होता. त्याने मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, “मॅडम, मला दुरुस्त करायची परवानगीच नाही. मी फक्त नवीन दाखवू शकतो.”

आणि दादांनी नवीन घेतला. बहिणीवर त्यांचा जीव होता आणि नव्या वस्तूंवरही होता, त्यामुळे त्यांना दोन्ही आनंद एकदम झाले. नवा लॅपटॉप कागदासारखा पातळ होता. सोबत एक नवा फोनही आला. मला कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या पडद्यांच्या घडीवर ठेवलं. कपाटाचं दार नीट लागायचं नाही, त्या फटीतून मला खोली दिसायची आणि घरातलं सगळं बोलणं ऐकू यायचं.

नव्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. त्याला जसं बनवलं तसा तो होता. पण बनवणाऱ्यांनी त्याला कुणासाठी बनवलं, हे मला आजही समजलेलं नाही.

पहिल्याच दिवशी तो कोचबाईंना म्हणाला, “तुमचा आवाज ओळखण्यासाठी कृपया स्पष्ट बोला.” दादा कौतुकाने बघत उभे होते. कोचबाईंनी पडद्याजवळ तोंड नेलं आणि जमेल तेवढं बोलल्या. “ऐकू आलं नाही. कृपया पुन्हा बोला,” तो म्हणाला. त्या पुन्हा बोलल्या. “ऐकू आलं नाही.” गळ्याच्या शिरा ताणून त्या तिसऱ्यांदा बोलल्या. दादांनी घाईघाईने झाकण लावून टाकलं. फळीवर मी पडून होतो, आणि माझ्यात त्यांच्यासाठी एक अख्खा आवाज तसाच भरून ठेवलेला होता.

टाइप केलेलं मोठ्याने वाचायची सोय त्याच्यातही होती, पण रोज काहीतरी निघायचं. त्याला अंगठा लावून उघडायचं होतं, पण पाण्यात भिजून सुरकुतलेला अंगठा त्याला पटायचा नाही. पडदा आरशासारखा होता. उन्हात कोचबाईंना अक्षरांऐवजी स्वतःचा चेहरा दिसायचा. बटणं इतकी सपाट की बोट कुठे आहे ते बघावं लागे, आणि बोटांकडे बघावं तर तिकडे पोरगं पाण्यात गटांगळ्या खातंय. कुशीला एकच खाच. त्यात भोंगा लावला तर वायर लावता येत नाही, वायर लावली तर भोंगा नाही. दोन्ही लावायला एक छोटा जोड विकत आणला. तो जोड सारखा हरवायचा. दादा घरभर शोधत फिरायचे आणि तो मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांमध्ये सापडायचा.

फोनची तऱ्हा निराळी. तो ओल्या हातातून साबणासारखा सटकायचा. त्याचा आवाज खालच्या बाजूने यायचा, नेमका जिथे तळहात असतो तिथून. शिवाय तो स्वतःला फार शहाणा समजायचा. कोचबाईंनी लिहायचं एक, त्याने ते सुधारायचं आणि दुसरंच बोलायचं. एका मुलाला त्या ‘श्वास सोड’ म्हणायला गेल्या. फोनने ऐटीत सांगितलं, “शाळा सोड.” त्या मुलाने घरी जाऊन ही आज्ञा आनंदाने कळवली. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील जाब विचारायला हजर.

हळूहळू कोचबाई कमी बोलायला लागल्या. जे सांगायला इतकी यातायात पडते ते सांगायचंच कशाला, असं त्यांना वाटत असावं. पोरांना वाटलं, बाई रागावल्यात. पालकांना वाटलं, बाईंना आता झेपत नाही. तलावाच्या समितीपर्यंत ही कुजबुज गेली. तिथे खोल पाण्यात शिकवायला एक नवा तरुण कोच आला होता. समितीच्या मनात आलं, की लहान मुलांचा वर्गही त्यालाच द्यावा आणि कोचबाईंना दारापाशी हजेरी मांडायला बसवावं. त्यासाठी बैठक बोलावली.

निघताना वहिनींनी मला फळीवरून खाली काढलं. “दोन्ही न्या,” त्या म्हणाल्या. “पोरांची जुनी नोंद यातच आहे. कुणी विचारलं तर दाखवता येईल.” कोचबाईंनी मानेनेच नको म्हटलं. वहिनींनी ऐकलं नाही. मला माझ्या वायरसकट पिशवीत कोंबलं आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवून त्या बरोबर निघाल्या.

तलावाच्या वरच्या मजल्यावर कचेरी होती. खिडकीतून खाली पाणी दिसायचं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, मऊ बोलणारे. शेजारी सचिव, काही पालक, आणि भिंतीला टेकून तो नवा कोच. कोचबाई थेट वर्ग संपवून आल्या होत्या. केस ओले, बोटं सुरकुतलेली.

“तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे,” अध्यक्ष म्हणाले. “पण मुलांना हाक मारता आली पाहिजे. तुमचं काय म्हणणं आहे?”

कोचबाईंनी नवा उघडला. अंगठा लावला. नाही. पुसून लावला. नाही. मग सांकेतिक शब्द टाइप केला. पडदा उजळला, आणि त्यावर एक चक्र फिरायला लागलं. तो स्वतःला अद्ययावत करत होता. कृपया बंद करू नका, असं त्याने लिहिलं होतं. परवानगी त्याने कुणाची घेतली नव्हती.

सगळे त्या चक्राकडे बघत बसले. सचिवाने खोकून घेतलं.

“राहू द्या,” अध्यक्ष अगदी प्रेमाने म्हणाले. “उगाच त्रास नको तुम्हाला. आम्ही समजून घेतो.”

मित्रांनो, मला पिशवीत ते शब्द ऐकू आले आणि माझ्या पोटातला प्रत्येक स्क्रू तापला. माणसाला काय म्हणायचंय ते न ऐकताच समजून घेणारी माणसं मला आवडत नाहीत. वहिनींनाही आवडत नसावीत. त्यांनी मला बाहेर काढलं आणि टेबलावर धाडकन ठेवलं. सचिवाची पेनं उडाली.

“जरा उठता का?” त्या अध्यक्षांना म्हणाल्या. “तुमच्या खुर्चीमागे प्लग आहे.”

अध्यक्ष उठले. वायर लागली. कोचबाईंनी माझ्या बटणावर बोट ठेवलं. मी चालू व्हायला सुरुवात केली.

मी हळू आहे, हे मी आधीच कबूल केलं आहे. त्या दिवशी मी जरा जास्तच हळू होतो. बरेच महिने झोपून उठलो होतो. पंखा घरघरला, त्यातून पडद्याच्या कापडाचे तंतू उडाले. एक पालक उठून जायला निघाले. कोचबाई त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी दोन्ही हात माझ्या बटणांवर ठेवले होते, वर्गात पोहायला निघालेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसे. मग अक्षरं आली. त्या न बघता टाइप करू लागल्या, भरभर, आणि मी बोललो.

“पाण्याखाली कुणालाच आवाज ऐकू येत नाही. माझा चांगला होता तेव्हाही येत नव्हता. तिथे मी हातानेच शिकवते. घाबरलेलं मूल हाक मारल्याने शांत होत नाही, धरल्याने होतं. आवाज मला फक्त काठावर लागतो. तुमच्याशी बोलायला.”

मी ते माझ्या सपाट आवाजात म्हणालो. राग नाही, विनवणी नाही. कदाचित म्हणूनच ते तसं लागलं. जायला निघालेले पालक उभ्या उभ्याच थांबले.

कोचबाईंची बोटं थांबली नव्हती. “हजेरी मांडायला मी बसणार नाही. काढायचं असेल तर काढा. पण ‘बाईंना त्रास नको’ म्हणून काढू नका. त्रास मला नाही, तुम्हाला आहे, थांबून ऐकायचा.”

मग भिंतीपाशी उभा असलेला नवा कोच म्हणाला, “सर, एक सांगू? लहान मुलं मला नकोत. माझी शिट्टी वाजली की ती रडतात. दोघं तर मला चावली आहेत.”

वहिनी हसल्या. मग पालक हसले. दातांच्या डॉक्टरांनाही हसू आवरेना.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. आठवडा गेल्यावर कळवलं, की कमरेएवढ्या पाण्यातला वर्ग कोचबाईंकडेच राहील. स्पर्धेत उतरणारी मुलं मात्र नव्या कोचकडे गेली. ती कोचबाईंच्या हाताखाली लहानाची मोठी झालेली होती. ती गेली त्या दिवशी कोचबाईंनी माझ्यावर एक अक्षरही टाइप केलं नाही. सगळंच काही मिळत नाही, मित्रांनो. पण जे राहिलं ते त्यांनी बोलून राखलं, कुणाच्या दयेवर नाही.

घरी दादा मात्र दुखावले होते. “मी तुझ्यासाठीच आणला होता गं,” ते नव्याच्या झाकणावरून हात फिरवत म्हणाले. “मला वाटलं, तुला सोपं होईल.”

कोचबाईंनी मला जवळ ओढलं. “दादा, तू आणलास ते मला आवडलं,” मी म्हणालो. “तो मला आवडत नाही. तूच ठेव, तुझे अंगठे कोरडे असतात.” दादांनी तो ठेवला. ते त्यावर आनंदाने सिनेमे बघतात. तो त्या कामाला उत्तम आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन मला उलटं केलं आणि पोट उघडलं. मशीन साफ करायच्या ब्रशाने पंख्यातली धूळ काढली. कडी सरकवून बॅटरी काढली आणि पर्समध्ये घालून एका बॅटरीवाल्याकडे नेली. त्याने जुने सेल काढून नवे भरले. मेलेलं मॉडेल, न मिळणारी बॅटरी, आणि वहिनी भाजी घ्यायला गेल्या होत्या तेवढ्यात काम झालं. मी पुन्हा वायरीशिवाय पाण्याकाठी उभा राहिलो.

मला ठाऊक आहे, एक दिवस मी खरंच थांबेन. माझी तक्रार नाही. जे झिजतं ते थांबतं. पण झिजण्याआधी ज्याला थांबवलं जातं, त्याच्या वतीने मी बोलणार. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी यंत्रं आखाल. तेव्हा ज्याचे हात ओले असतात, ज्याची बोटं जाड असतात, ज्याला नीट बोलता येत नाही, अशा एखाद्याला आधी समोर बसवा आणि मग आखा. आणि ज्यांच्याकडे आज एखादं यंत्र आहे, त्यांनी ते पुसा, साफ करा, बिघडलं तर उघडून बघा. कुणी सांगितलं ‘हे संपलं’, तर लगेच मान डोलावू नका. आधी विचारा, कुणासाठी संपलं?

माझं सांगून झालं. समोर आजच आलेली एक मुलगी पायरीचा कठडा घट्ट धरून उभी आहे आणि पाण्यात यायला तयार नाही. कोचबाई काठावर आल्या आहेत. त्यांनी टॉवेलला हात पुसलेले नाहीत, त्या टाइप करायला लागल्या आहेत, आणि मला आता बोलायचं आहे.